डेटा सायंटिस्ट, विद्यापीठीय वैद्यकीय विभागातील

वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठीय रुग्णालयाच्या एखाद्या विभागात राहून रुग्णांच्या नोंदी, प्रयोगशाळेचे अहवाल, क्ष-किरण व एमआरआय प्रतिमा, जनुकीय चाचण्या आणि देयके यांतील माहितीचे संगणकीय विश्लेषण करणारा संशोधक. या पदावरची व्यक्ती डॉक्टर असतेच असे नाही. संख्याशास्त्र, संगणकशास्त्र, भौतिकी, जीवशास्त्र अशा कोणत्याही वाटेने इकडे येता येते. रुग्णालयाच्या साठ्यातून एसक्यूएलने हव्या त्या नोंदी काढणे, एकाच रुग्णाचे दोन क्रमांक जुळवणे, कुठे मिलिग्रॅममध्ये तर कुठे मिलिमोलमध्ये लिहिलेली रक्तातील साखर एका मापावर आणणे, नाव, पत्ता व जन्मतारीख काढून टाकणे, मग आर किंवा पायथनमध्ये विश्लेषण करणे आणि शेवटी शोधनिबंधासाठी व अनुदानाच्या अर्जासाठी तक्ते तयार करणे, असा रोजच्या कामाचा क्रम असतो. बातम्यांत आणि भरतीच्या जाहिरातींत मात्र या पदाची ओळख रोगाचे भाकीत करणाऱ्या प्रारूपांवरून करून दिली जाते. ती अपुरी आहे. रुग्णालयातल्या आकड्यावर शरीराइतकाच रुग्णालयाच्या कारभाराचाही ठसा असतो. त्यातले रोगाचे किती आणि कारभाराचे किती हे निवडून काढणे हे या पदाचे मुख्य काम होय, आणि त्याची सुरुवात अभ्यास आखतानाच व्हावी लागते.

हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९१८ मध्ये जीवसांख्यिकीचा विभाग सुरू झाला आणि रेमंड पर्ल त्याचे प्रमुख झाले. तेथील रुग्णालयातील शवविच्छेदनांच्या नोंदींवर आधारलेला त्यांचा एक अभ्यास १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्करोग असलेल्या ८१६ मृतांपैकी ६.६ टक्क्यांमध्ये क्षय आढळला. कर्करोग नसलेल्या तितक्याच मृतांमध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते. यावरून क्षय कर्करोगाला अटकाव करतो असा निष्कर्ष निघाला आणि कर्करोगाच्या रुग्णांना ट्युबरक्युलिन (क्षयजंतूंचा अर्क) देऊन पाहण्यापर्यंत मजल गेली. गणितात चूक नव्हती. पण या नोंदींत फक्त रुग्णालयात मृत्यू आलेली आणि शवविच्छेदन झालेली माणसे होती. क्षय हेच अनेकांचे रुग्णालयात येण्याचे कारण असल्यामुळे तुलनेसाठी घेतलेल्या गटात क्षयाचे रुग्ण आधीच जास्त भरले होते. मेयो क्लिनिकमधील जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्ये या दोषाचे अंकगणित मांडले. प्रत्येक रोग माणसांना वेगवेगळ्या प्रमाणात रुग्णालयात आणतो. त्यामुळे समाजात एकमेकांशी काहीही संबंध नसलेले दोन रोग दाखल रुग्णांत जोडलेले दिसू शकतात.

केसपेपर जाऊन संगणकीय नोंदी आल्या म्हणून हा दोष गेला नाही; उलट तो वेगाने आणि मोठ्या प्रमाणावर घडू लागला. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१८ मध्ये बोस्टनमधील दोन रुग्णालयांतील ६,६९,४५२ रुग्णांच्या २७२ प्रकारच्या प्रयोगशाळा तपासण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्ण पुढील तीन वर्षे जगेल का, हे तपासणीच्या निकालावरून अधिक नेमके कळते की ती केव्हा सांगितली गेली यावरून, असा प्रश्न त्यांनी घेतला. तुलना शक्य झालेल्या १७४ तपासण्यांपैकी ११८ मध्ये वेळ अधिक अचूक ठरली. याचे कारण उघड आहे. रात्री तीन वाजता रक्त काढले जाते ते कोणाला तरी रुग्णाची काळजी वाटली म्हणून. ती काळजी नोंदीत शब्दांनी येत नाही, वेळेतून येते. त्याच वर्षी छातीच्या दीड लाखांहून अधिक क्ष-किरण प्रतिमांवरच्या अभ्यासातही असेच दिसले. न्यूमोनिया ओळखणाऱ्या प्रारूपांसारखीच प्रारूपे प्रतिमा कोणत्या रुग्णालयातली आहे हे जवळजवळ बिनचूक ओळखू शकत होती, आणि न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमध्ये न्यूमोनियाचे प्रमाण अभ्यासातील इतर दोन ठिकाणांपेक्षा कितीतरी जास्त होते. अशा परिस्थितीत फुप्फुसाकडे न पाहताही उत्तर बरोबर येते, आणि नव्या रुग्णालयात गेल्यावर ते ढासळते.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो, की डेटा पुरेसा मोठा असला की चुका एकमेकींना खोडून काढतात. योगायोगाने होणाऱ्या चुकांबाबत हे खरे आहे, पण एकाच दिशेने झुकणारी चूक नोंदी वाढल्याने अधिक ठाम होते. अमेरिकेतील रुग्णालयांत वापरात असलेले एक प्रारूप जास्त देखरेखीची गरज असणारे रुग्ण निवडण्यासाठी त्यांच्यावर होणारा खर्च पाहत असे. कृष्णवर्णीय रुग्णांवर, आजार तितकाच असूनही, कमी खर्च होत आला असल्यामुळे ते यादीत मागे पडत. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१९ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार हा झुकाव दूर केला असता तर जादा देखरेखीसाठी निवडलेल्यांतील त्यांचा वाटा १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर गेला असता. खर्चाचे भाकीत प्रारूप नीट करत होते. खर्च म्हणजे आजार हे गृहीत चुकीचे होते. ते निवडले गेले तेव्हाच कोणीतरी हरकत घ्यायला हवी होती.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा आणि संख्याशास्त्रज्ञांचा असतो. रोग डॉक्टरला कळतो, आकडेमोडीला जीवसंख्याशास्त्रज्ञ आहेत, मग मध्ये हे तिसरे पद कशाला? यात तथ्य आहे, कारण चांगल्या जीवसंख्याशास्त्रज्ञाने हेच काम वर्षानुवर्षे केले आहे. फरक नोंदींच्या स्वरूपात आहे. क्लिनिकल चाचणीतला आकडा विश्लेषणासाठीच, आधी ठरवलेल्या प्रपत्रात गोळा केलेला असतो. रुग्णालयाच्या साठ्यातला आकडा उपचारासाठी, बिलासाठी किंवा कायद्यासाठी लिहिलेला असतो. तो कोणत्या सॉफ्टवेअरमधून, कोणाच्या हाताने, कोणत्या टप्प्यावर आला, हे खणून काढायला डॉक्टरला सवड नसते आणि त्यासाठी लागणारे संगणकीय कौशल्य प्रत्येक संख्याशास्त्रज्ञाकडे असतेच असे नाही. उलट बाजूने, वॉर्डात न फिरलेल्या डेटा सायंटिस्टला पहाटेच्या रक्ततपासणीचा अर्थ लागणार नाही. म्हणून हे पद मध्यवर्ती संगणक केंद्रात असण्यापेक्षा वैद्यकीय विभागात असणे योग्य ठरते.

विभागात राहण्यात मात्र एक धोका आहे, आणि ड्यूक विद्यापीठाचे प्रकरण त्याचा ठोस पुरावा आहे. कोणत्या गाठीवर कोणते केमोथेरपीचे औषध लागू पडेल हे जनुकांवरून सांगता येते, असा दावा तेथील गटाने २००६ मध्ये केला आणि त्यावर आधारलेल्या चाचण्यांत रुग्ण घेतले जाऊ लागले. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधील डॉक्टरांना ही पद्धत वापरायची होती, म्हणून तेथील कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स यांनी तिची पडताळणी केली. जनुकांच्या याद्या एका ओळीने सरकलेल्या होत्या. औषधाला दाद देणाऱ्या आणि न देणाऱ्या नमुन्यांची लेबले काही ठिकाणी उलटी झाली होती. त्यांचा निबंध २००९ मध्ये संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला गेला. २०१० मध्ये चाचण्या बंद झाल्या, पाठोपाठ शोधनिबंध मागे घेतले गेले, आणि २०१५ मध्ये सरकारी चौकशीत संशोधनातील गैरवर्तनाचा निष्कर्ष निघाला. बॅगर्ली आणि कूम्ब्स यांचा पगार ड्यूकच्या प्रकल्पावर अवलंबून नव्हता. ज्या अनुदानातून पगार येतो त्याच अनुदानाच्या निष्कर्षावर बोट ठेवणे विभागातल्या कनिष्ठ विश्लेषकाला किती जड जाते, हे सांगायला नको. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१२ च्या अहवालात डेटा व संगणकीय कोड खुला ठेवण्याचा आणि रुग्णांवर वापरण्यापूर्वी गणनपद्धती पक्की गोठवण्याचा आग्रह धरला, तो याच अनुभवातून.

तिसरा आक्षेप विलंबाचा आहे: रुग्ण वाट पाहत असताना इतकी छाननी परवडते का? मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयाने याचे उत्तर आकड्यांत दिले आहे. अनेक रुग्णालयांत आधीच बसवलेले सेप्सिसचे इशारे देणारे एक प्रारूप तेथे ३८,४५५ भरतींवर तपासले गेले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार त्याने सेप्सिसचे दोनतृतीयांश रुग्ण हेरले नाहीत, आणि तरीही एकूण भरतींपैकी १८ टक्क्यांमध्ये इशारे वाजवले. म्हणजे छाननी वगळल्याने वेळ वाचला नाही. निरर्थक इशाऱ्यांना प्रतिसाद देणाऱ्या परिचारिका आणि डॉक्टरांच्या माथी तो मारला गेला.

नोंद कशी जन्मते याचा विचार आधी केला तर काय साधते, याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. मुंबईत १९६३ पासून कर्करोग नोंदणी चालते. तिला शहरातील रुग्णालयांचा आधार होता. ग्रामीण भागात तो मार्ग पुरेसा नव्हता, कारण रुग्णालयात न पोहोचलेला रुग्ण नोंदीतही पोहोचत नाही. म्हणून १९८७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी नोंदणीत कार्यकर्ते बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील गावांत जाऊन लक्षणे असलेल्यांना तपासणीसाठी आणू लागले. बर्कसन यांनी दाखवलेल्या दोषावरचा हा उपाय आहे आणि तो कोणत्याही प्रारूपाने नंतर करता आला नसता.

यातून पदाच्या रचनेविषयी काही गोष्टी निघतात. डेटा सायंटिस्टला अभ्यासाच्या आराखड्यापासून सहसंशोधक मानावे. पगाराचा काही भाग प्रकल्पाबाहेरच्या स्थायी निधीतून द्यावा. विश्लेषणाचा कोड विभागाबाहेरच्या कोणाला तरी पुन्हा चालवून पाहता यावा. आणि बढतीच्या वेळी केवळ शोधनिबंधांची संख्या न मोजता पडताळणीतून थांबवलेले किंवा दुरुस्त केलेले अभ्यासही धरावेत. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे, कारण न छापलेल्या चुकीच्या निष्कर्षाचे श्रेय विद्यापीठाच्या कोणत्याही अहवालात दिसत नाही. ते दिले गेले नाही तर या पदावरची माणसे तक्ते सजवून देण्यापुरती उरतील, आणि त्यासाठी वेगळ्या पदाची गरज नाही.