गिरणगाव, धारावी आणि चर्मसंस्करणाचे रसायन

परळ-लालबागच्या गिरणगावाचा इतिहास प्रामुख्याने कापूस, मालक, कामगार आणि संप यांच्या अंगाने लिहिला गेला. चामड्याचा उल्लेख त्यात क्वचितच येतो. वस्तुतः 1856 मध्ये ताडदेव येथे पहिली कापडगिरणी सुरू झाल्यानंतर दीर्घकाळ चामड्यावाचून गिरणी चालत नसे. यंत्रांना गती देणारे पट्टे चामड्याचे, सूतकताईच्या रुळांवरील आवरण मेंढीच्या कातड्याचे, तर धोट्याला ठोका देणारा पिकर म्हशीच्या कातड्याचा असे.

कच्चे कातडे म्हणजे मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू. ते ओले राहिल्यास कुजते, वाळल्यास ताठरते आणि सुमारे 60 ते 65 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात आकसते. कमावणे म्हणजे या तंतूंमध्ये रासायनिक आडबंध निर्माण करणे होय. बाभळीची साल व हिरडा यांतील टॅनिन कोलॅजेनशी प्रामुख्याने हायड्रोजन बंधांनी जोडले जाते. हे बंध एकेकटे दुर्बल, परंतु संख्येने विपुल असतात. शिवाय टॅनिन तंतूंमधील पोकळी भरून काढते. म्हणून असे चामडे भरीव व घट्ट होते. ते साधारणतः 75 ते 85 अंशांपर्यंत टिकते. क्रोमियमचे क्षार मात्र कोलॅजेनमधील कार्बोक्सिल गटांशी थेट बांधले जातात. हे चामडे मऊ राहते, तरीही उकळत्या पाण्यातही सहसा आकसत नाही. सालीला जेथे कित्येक आठवडे लागतात, तेथे क्रोमला एक-दोन दिवस पुरतात.

हे रसायन महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या ढोर समाजाच्या हाती होते. कातडे पिशवीसारखे शिवून, त्यात साल व हिरड्याचा अर्क भरून ते टांगून ठेवण्याची त्यांची पद्धत म्हणजे अर्क तंतूंमध्ये मुरविण्याची नेमकी युक्तीच होती. समाजाने या ज्ञानाला विद्या म्हटले नाही; ते जाणणाऱ्यांना अस्पृश्य मात्र ठरविले. 1884 मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोम पद्धतीचे पेटंट घेतले, तेव्हा त्याच प्रकारच्या कामाला उद्योगाची प्रतिष्ठा लाभली, ही विसंगती दुर्लक्षिता येणार नाही.

मुंबईत हा व्यवसाय शहराच्या तत्कालीन सीमेबाहेर, धारावीत स्थिरावला. वांद्र्याचा कत्तलखाना जवळ होता आणि तिरुनेलवेली भागातून आलेल्या तमिळ मुस्लिमांनी तेथे कातडी कमावण्याचे कारखाने चालविले. 1971 मध्ये देवनारचा कत्तलखाना सुरू झाला. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत धारावीतील बहुतेक कारखाने बंद पडले आणि तेथे प्रामुख्याने चामड्याच्या तयार वस्तूंचा धंदा उरला.

सालीची पद्धत मात्र कोल्हापुरी चपलेत टिकून राहिली. 2019 मध्ये तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला. तिच्या तळाला लागणारा घट्टपणा टॅनिनच देते. आणि दादरच्या बाजारात घेतलेली हीच चप्पल मुंबईच्या पावसात भिजून फुगते, त्याचे कारणही पाणी शोषून घेणाऱ्या त्याच टॅनिनमध्ये आहे.