'कुडोस' नेमके कुणाचे?

आमच्या ऑफिसात दर शुक्रवारी एक मेल येतो. आठवड्यात चांगलं काम केलेल्यांची नावं, आणि वर ठळक अक्षरांत 'कुडोस'. वीस वर्षं मी हा शब्द वाचते आहे. मागच्या वर्षी एका नव्या मुलाने मला 'एक कुडो' पाठवला आणि आपल्या इंग्रजीच्या बाईंची ही विद्यार्थिनी अडखळली. असं एकवचन असतं का?

शोधलं तेव्हा कळलं, शब्द ग्रीक आहे आणि मुळातच एकवचनी आहे. शेवटचा 'स' त्याचा स्वतःचा, 'पॅथॉस'मधल्यासारखा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या विद्यापीठांत ग्रीक घोकणाऱ्या पोरांनी तो गमतीने वापरात आणला. १९२०च्या दशकात अमेरिकेत 'टाइम' साप्ताहिकाने मानद पदव्यांच्या बातम्यांत तो वापरला. लोकांना तो अनेकवचनी वाटू लागला आणि त्यातून 'कुडो' जन्मला. मटाराच्या दाण्याला इंग्रजीत 'पी' म्हणतात, तोही असाच, 'पीज' हे अनेकवचन समजून घडवलेला. आपण उलटं करतो, 'एक चिप्स दे' म्हणतो. तेव्हा त्या मुलाला मी काही बोलले नाही.

खरी गंमत होमरमध्ये आहे. 'इलियड'मध्ये कुडोस देव देतात, तेही ऐन लढाईत. आज एका योद्ध्याला, उद्या त्याच्या शत्रूला. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेनवेनिस्त यांनी १९६९ साली मांडलं की ही कीर्ती नव्हे, तर विजय मिळवून देणारी एक प्रकारची जादुई शक्ती आहे. कीर्तीसाठी ग्रीकांचा शब्द वेगळा, 'क्लेओस', म्हणजे लोकांच्या तोंडून ऐकू येणारी. आपल्या 'श्रवण'शी त्याचं धातूचं नातं आहे. अक्षय कीर्ती या अर्थाचे 'इलियड'मधले आणि ऋग्वेदातले शब्द एकाच मुळाचे आहेत, हे आडालबर्ट कून या जर्मन अभ्यासकाने १८५३मध्येच दाखवलं होतं. संस्कृतच्या तासाला हे कुणी सांगितलं असतं तर मी तरी जागी राहिले असते!

बाविसाव्या सर्गात अकिलीस हेक्टरच्या मागे ट्रॉयच्या तटाभोवती धावतो आहे. त्याचे सैनिक शस्त्रं फेकायला तयार उभे आहेत. तो मानेनेच त्यांना नको म्हणतो. कारण दुसऱ्या कुणाचा नेम लागला तर कुडोस त्याचे, आणि आपण दुसरे. होमरने कारण एवढंच दिलं आहे.

हे वाचलं आणि मला नववीचं विज्ञान प्रदर्शन आठवलं.

आमच्या गटाने पाण्याच्या टाकीचा अलार्म केला होता. दोन तारा, एक ट्रान्झिस्टर, एक बझर. पाणी चढून दोन्ही तारांना टेकलं की थोडासा प्रवाह ट्रान्झिस्टरकडे जातो आणि बझर वाजतो. आज हे मी झोपेत सांगेन. तेव्हा मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सर्किट जोडलं होतं शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने. परीक्षक आले तेव्हा बोलले मी, कारण मला बोलता यायचं. तो मागे बादली धरून उभा होता. तालुक्यात पहिला नंबर आला. प्रमाणपत्रावर एकच नाव घालायचं होतं. कुणाचं, असं विचारल्यावर मी माझं सांगितलं. त्याला कुणी विचारलं नाही, मीही नाही. पुढे माझ्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत, या क्षेत्राकडे कशी वळलीस या प्रश्नाला मी त्याच अलार्मची गोष्ट सांगितली. 'आम्ही केला' असंही म्हणाले नाही.

तो आपल्या बॅचच्या ग्रुपवर आहे, रोज सकाळी फुलांचे फोटो टाकतो. गेल्या महिन्यात हे सगळं मी त्याला लिहून पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, 'बादली आठवते. एक वायर लूज होती, अंगठ्याने दाबून धरली होती.' एवढंच.

या स्मरणिकेतल्या 'शाळेचे मानकरी' यादीत त्या वर्षापुढे माझं एकटीचं नाव होतं. तिथे आधी त्याचं आणि मग माझं नाव घालावं, असं मी संपादक मंडळाला कळवलं आहे.