बीमफॉर्मिंगचे वेळनियोजन

बीमफॉर्मिंगचे वेळनियोजन : एकाच परिसरात, एकाच वारंवारतेवर चालणाऱ्या अनेक बिनतारी दुव्यांपैकी कोणत्या दुव्याने कोणत्या क्षणी व कोणत्या दिशेने प्रक्षेपण करावे, हे परस्परांतील व्यतिकरण कमीत कमी राहील अशा रीतीने ठरवण्याची पद्धत. एक प्रक्षेपक व त्याचा ग्राही मिळून एक दुवा होतो. वारंवारता पट्टा मर्यादित व महाग असल्यामुळे तोच पट्टा एकाच वेळी अनेक दुव्यांना वापरता यावा, हा या पद्धतीचा हेतू आहे. वाय-फाय आणि मोबाइल जाळ्यांत तिचा उपयोग होतो.

तत्त्व : अनेक लहान अँटेना ओळीने मांडून प्रत्येकीला दिलेल्या तरंगाची कला, म्हणजे त्याच्या चढउताराची वेळ, थोडी पुढेमागे केली, की ठरावीक दिशेला तरंग एकमेकांत मिळून प्रबळ होतात आणि इतर दिशांना क्षीण होतात. असा दिशिक झोत घडवणे म्हणजेच बीमफॉर्मिंग. जर्मन भौतिकीविज्ञ कार्ल फेर्डिनांट ब्राउन यांनी १९०५ मध्ये अनेक अँटेनांच्या साह्याने असे दिशिक प्रक्षेपण करून दाखवले. अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरावर मांडलेल्या ८ अँटेनांच्या ओळीचा झोत सुमारे १३ अंश रुंद असतो. १६ अँटेना घेतल्यास तो सुमारे निम्मा होतो. ६० गिगाहर्ट्झला तरंगलांबी ५ मिमी. असल्याने १६ अँटेनांची ओळ ४ सेंमी. पेक्षाही कमी जागेत बसते. शिवाय ८ अँटेना असल्यास, इष्ट दिशा सांभाळून, जास्तीत जास्त ७ दिशांना संकेत तत्त्वतः शून्य करता येतो.

झोत अरुंद झाला म्हणून व्यतिकरण संपत नाही. मुख्य झोताच्या दोन्ही बाजूंना उपझोत राहतात. सर्व अँटेनांना सारखीच शक्ती दिलेल्या ओळीत पहिल्या उपझोताची तीव्रता मुख्य झोताच्या सुमारे विसाव्या हिश्शाइतकी असते. भिंती व काचा यांवरून परावर्तन होते. दुसऱ्या दुव्याचा ग्राही नेमका झोताच्या रेषेत असेल, तर अरुंद झोत त्याला सर्वदिश अँटेनेपेक्षाही अधिक बाधतो. म्हणून दिशेबरोबर वेळही ठरवावी लागते.

लाभाचे गणित : दोन दुव्यांचा संकेत गोंगाटाच्या १०० पट आहे असे मानू. दोघांनी आळीपाळीने प्रक्षेपण केल्यास, वाहिनीची कमाल क्षमता देणाऱ्या शॅनन यांच्या सूत्रानुसार, दोघांचा मिळून दर एका हर्ट्झमागे सेकंदाला सुमारे ६.७ बिट येतो. एकमेकांचा उपद्रव संकेताइतकाच असताना दोघांनी एकदम प्रक्षेपण केले, तर हा दर जेमतेम २ बिटांवर घसरतो. झोत वळवून उपद्रव संकेताच्या विसाव्या हिश्शावर आणला, तर तो सुमारे ८.३ बिट होतो. एकत्र प्रक्षेपण फायद्याचे की तोट्याचे, हे अशा रीतीने झोतांवर अवलंबून असते.

नियोजनाची रीत : प्रत्येक दुवा हा एक बिंदू मानून, एकमेकांना बाधणारे दुवे रेषेने जोडले, की संघर्ष-आलेख तयार होतो. ज्यांच्यात एकही रेषा नाही असे बिंदू एका वेळखंडात बसवता येतात. असा सर्वांत मोठा संच शोधणे हे गणनदृष्ट्या एनपी-कठीण आहे, म्हणजे दुवे वाढले की नेमके उत्तर झटपट काढण्याची रीत ज्ञात नाही. त्यातच झोताची दिशा बदलली की आलेखच बदलतो. त्यामुळे व्यवहारात झोत स्थिर धरून दुवे निवडणे आणि मग निवडलेल्या दुव्यांसाठी झोत व शक्ती सुधारणे, अशा आळीपाळीच्या फेऱ्यांनी पुरेसे चांगले उत्तर गाठतात. कोणाला आधी संधी द्यावी याचा एक मूलभूत नियम टॅसिउलास व एफ्रेमिडीस यांनी १९९२ मध्ये मांडला : प्रत्येक दुव्यावर पाठवायच्या राहिलेल्या माहितीच्या रांगेची लांबी व त्या दुव्याचा दर यांचा गुणाकार घ्यावा आणि ज्या संचात या गुणाकारांची बेरीज सर्वाधिक, तो संच निवडावा. त्यामुळे क्षीण दुव्याची रांग वाढत गेली, की त्याचीही पाळी येते.

मानके : ६० गिगाहर्ट्झवरील वाय-फायसाठी २०१२ मध्ये आलेल्या आय-ट्रिपल-ई ८०२.११एडी मानकात उपकरणे आधी निरनिराळ्या दिशांना झोत फिरवून योग्य दिशा शोधतात. एका जोडीच्या राखीव वेळेत दुसऱ्या जोडीला किती उपद्रव पोचतो, हे नियंत्रक मोजून घेऊ शकतो आणि तो कमी असल्यास दोघांना एकच वेळ देतो. मोबाइल जाळ्यांच्या एलटीई मानकाच्या ११ व्या आवृत्तीत शेजारच्या मनोऱ्यांमधील समन्वित वेळनियोजन व समन्वित बीमफॉर्मिंग आले. यात ग्राहकाची माहिती त्याच्याच मनोऱ्यावरून जाते. शेजारी मनोरे केवळ वाहिनीची स्थिती व आपले निर्णय एकमेकांना कळवतात. अनेक मनोरे एकाच ग्राहकाला मिळून प्रक्षेपण करतात त्या संयुक्त प्रक्षेपणात मात्र ती माहिती सहभागी मनोऱ्यांपर्यंत पोचवावी लागते, म्हणून तो मार्ग अधिक खर्चिक ठरतो. भारतात २०२२ च्या लिलावात ५जीसाठी २६ गिगाहर्ट्झचा पट्टा दिला गेला. इतक्या उच्च वारंवारतेवर बीमफॉर्मिंग अपरिहार्य असते.

मर्यादा : वाहिनीचे मोजमाप करण्यात वेळ खर्ची पडतो आणि ग्राहक चालत-फिरत असल्यास ते लवकर शिळे होते. माणूस मध्ये आला तरी मिलिमीटर तरंगांचा झोत अडतो. दुसरीकडे वळलेल्या उपकरणाला आपल्याला आलेली हाक ऐकू येत नाही. मनोऱ्यांमधील निरोपांना उशीर झाला, तर ठरवलेला झोत चुकीच्या दिशेला जातो.

अँटेना वाढवल्याने झोत अरुंद होतो. पण दाट वस्तीतील जाळ्याची खरी क्षमता मोजमाप किती ताजे आहे आणि दिशा व वेळ यांचा निर्णय एकत्र घेतला जातो की नाही, यांवरच ठरते.