मीठ, पाणी आणि आतडे

अशी कल्पना करू या. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या एका शाळेतले गुरुजी आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांनी वजन कमी करण्यासाठी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. वजन उतरले, मधुमेह आटोक्यात आला. आता मात्र हिमोग्लोबिन घसरले आहे. "ऑपरेशनमुळेच असेल," असे घरचे म्हणतात. तसे असूही शकते, कारण अशा शस्त्रक्रियेनंतर अन्नातले लोह कमी शोषले जाते. पण मोठ्या आतड्यातून थोडे थोडे रक्त जात असेल तर? म्हणून डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून लवचीक दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी करायला सांगितली आहे. आदल्या संध्याकाळी गुरुजींसमोर पोट साफ करण्याच्या औषधाची पुडी आहे. एका वेळी जेमतेम वाटीभर मावणाऱ्या जठरातून काही लिटर द्रावण जायचे आहे.

आता त्याच जिल्ह्यात पन्नास वर्षे मागे जाऊ. जामखेड तालुक्यातल्या एका गावात जुलाबांनी सुकलेल्या मुलाला आई चमच्याचमच्याने मीठ-साखरेचे पाणी पाजते आहे.

दोन्ही द्रावणांत क्षार आहेत. पहिल्यातले पाणी आतड्यात मुरू नये असा हेतू आहे, तर दुसऱ्यातले मुरावे असा. हा भेद माणसाला कसा उमगला, ते पाहू.

आतड्याचा हिशेब

आपण दिवसभरात सुमारे दोन लिटर पाणी पितो. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस व आतड्याचे स्राव मिळून आणखी सहा-सात लिटरची भर पडते. या आठ-नऊ लिटरपैकी मलावाटे बाहेर पडते ते जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर. बाकीचे सारे परत शोषले जाते. हा हिशेब बिघडला की जुलाब होतात, आणि लहान मूल काही तासांत दगावू शकते.

१९६० साली रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने प्राग येथील एका परिषदेत एक कल्पना मांडली: आतड्याच्या पेशीत ग्लुकोज शिरते ते सोडियमचा हात धरून. ही जोडी आत गेली की मागोमाग पाणीही जाते. पटकीच्या रुग्णातही ही वाट उघडी राहते. कोलकात्याच्या डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ सालीच पटकीच्या रुग्णांना मीठ व ग्लुकोजचे पाणी पाजून बरे केले होते, पण त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १९६८ साली ढाक्यात डेव्हिड नलिन व रिचर्ड कॅश यांनी हा उपचार पद्धतशीरपणे सिद्ध केला. पुढे १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे द्रावण नातेवाइकांच्याच हाती दिले. सुमारे तीस टक्क्यांवर गेलेले मृत्यूंचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. हीच आपली जलसंजीवनी.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या कितीतरी जणी निरक्षर होत्या, अनेकजणी दलित होत्या. या बायांनी घरोघरी जाऊन मीठ-साखरेचे पाणी करायला शिकवले. प्रयोगशाळेत उमगलेली गोष्ट अशी चुलीपाशी पोहोचली. या कामासाठी १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुर्बीण आली, पण दिसणार कसे?

शरीराच्या आत डोकावण्याची धडपड जुनीच आहे. मूळव्याध तपासण्याच्या नळीसारख्या यंत्राचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. पण मोठ्या आतड्याची वळणे सरळ नळीला जुमानत नाहीत. पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ साली काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाकवून नेता येते हे दाखवले, आणि लवचीक दुर्बिणीची वाट मोकळी झाली. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ व हिरोमी शिन्या यांनी दुर्बिणीतूनच विजेच्या तारेच्या फासाने मोठ्या आतड्यातला पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवलेला मांसल कोंब, कापून काढला. असे काही कोंब पुढे कर्करोगात बदलतात. म्हणून ते वेळीच काढण्याचे महत्त्व.

मात्र मळ राहिला तर कोंब त्याखाली दडतो. पूर्वी रुग्णाला दोन-तीन दिवस पातळ आहार, एरंडेल आणि एनिमा देत. मग मिठाचे पाणी लिटरच्या लिटर देऊन आतडे धुण्याची पद्धत आली. पण ते मीठ व पाणी शरीरात मुरे आणि हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना धोका होई. मॅनिटॉल ही न पचणारी शर्करा वापरून पाहिली, तर आतड्यातल्या जीवाणूंनी तिच्यापासून हायड्रोजन तयार केला. पॉलिप कापताना त्या वायूचा स्फोट होऊन रुग्ण दगावल्याची नोंद १९७९ साली प्रसिद्ध झाली.

उत्तर सापडले ते आतड्याचा हिशेब मांडणाऱ्यांनाच. अमेरिकेतले जॉन फोर्डट्रान हे आतड्यातल्या शोषणाचे अभ्यासक. अशा प्रयोगांत पाणी किती मुरले हे मोजण्यासाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉल वापरत, कारण तो मोठ्या रेणूंचा पदार्थ शोषला जात नाही. जीवाणूंनाही तो पचत नाही, त्यामुळे त्यापासून वायू होत नाही. १९८० साली फोर्डट्रान व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच पदार्थ घेऊन, आणि साध्या मिठाचा बराचसा भाग काढून त्याजागी सोडियम सल्फेट घालून, चार लिटरचे द्रावण बनवले. सल्फेट सहजी शोषले जात नाही आणि सोडियमलाही धरून ठेवते. द्रावण जसे प्यावे तसेच मळ धुऊन बाहेर पडते; शरीरातले पाणी ना वाढते ना घटते.

लहान जठराचा प्रश्न

आता आपल्या गुरुजींकडे वळू. जठरशस्त्रक्रियेने कोलोनोस्कोपीची वाट बदलत नाही, कारण दुर्बीण दुसऱ्या टोकाने जाते. अडचण आहे ती पिण्याची. घाईने प्यायले तर मळमळ व उलटी होते, आणि औषध वाया जाते. मोह होतो तो पुडी कमी पाण्यात कालवून एकदाच संपवण्याचा. तेच करायचे नाही. घट्ट द्रावण शरीरातलेच पाणी आतड्यात ओढून घेते. कमी पाण्याची फॉस्फेटयुक्त औषधे याच कारणाने अनेकांना सोयीची वाटत. पण त्यांनी काहींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याने अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००८ साली कडक इशारा दिला.

उपाय आहे वेळ वाढवण्याचा. निम्मे द्रावण आदल्या संध्याकाळी, निम्मे तपासणीच्या दिवशी पहाटे, घोट घोट. मधल्या वेळात शहाळ्याचे पाणी, गाळलेले वरणाचे पाणी, बिनदुधाचा चहा थोडा थोडा घ्यावा. फार गोड पेये टाळावीत, कारण शस्त्रक्रियेनंतर साखर एकदम आतड्यात उतरली की घाम, धडधड व चक्कर येते. कोकम सरबतासारखी लाल पेयेही नकोत. आतड्यात त्यांचा रंग रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्या मळ काळा व चिकट करतात, म्हणून त्या काही दिवस आधी थांबवतात. मधुमेहाची व रक्त पातळ करणारी औषधे कशी घ्यायची ते आधीच विचारून घ्यावे, आणि शस्त्रक्रिया झाल्याचे न विसरता सांगावे. तपासणी साधारण अर्ध्या तासाची असते. गुंगीचे औषध देत असल्याने सोबत कोणीतरी हवे, आणि त्या दिवशी मोटारसायकल चालवायची नाही.

वर्गात हे तत्त्व सहज दाखवता येईल. थोडे बेदाणे साध्या पाण्यात टाका, ते फुगतील. तेच फुगलेले बेदाणे साखरेच्या दाट पाकात टाका, ते आक्रसतील. मग मुलांना विचारा: जुलाब झालेल्या बाळाच्या पाण्यात जास्त साखर घातली, तर बाळ लवकर बरे होईल का? जामखेडच्या आरोग्यसेविका आयांना प्रमाण सांगत, ते याचसाठी. लिटरभर पाण्याला सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, त्याहून जास्त नाही. आणि गुरुजींच्या पुडीवर लिहिलेले पाणी तेवढेच, त्याहून कमी नाही.