खबर, अखबार, खबऱ्या

उर्दूच्या तासाला मी ख-ब-र हा धातू शिकवत होतो. खबर, तिचे अनेकवचन अखबार, खबर देणारा तो मुखबिर. एटापल्लीकडून बल्लारपूरला शिकायला आलेल्या एका मुलाने विचारले, "सर, खबऱ्यापण यातलाच का?" मी हो म्हणालो. वर्ग गप्प झाला.

1982 पर्यंत गडचिरोली आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात होती. त्याआधी दोनेक वर्षे पीपल्स वॉर ग्रुपची पथके आंध्रातून नदी ओलांडून सिरोंच्याकडे आली आणि सोबत शब्द आले: दलम, संघम, जन अदालत, पुढे जनताना सरकार. तेंदूपत्ता आणि बांबूतोडीच्या मजुरीसाठी ते भांडले, हे नाकारण्यात अर्थ नाही. लोकांनी त्यांना जागा दिली ती त्यामुळेच. पण त्याच तोंडून 'खबऱ्या'ही आला. एखाद्या आदिवासीचे प्रेत रस्त्यावर सापडायचे, शेजारी पत्रक, त्यात हा एक शब्द. तो लिहिला की आरोप, पुरावा आणि निकाल एकदमच उरकायचे.

ही युक्ती जंगलात जन्मलेली नाही. स्टालिनच्या रशियात तोच शब्द 'जनतेचा शत्रू' असा होता. 1937-38 या दोन वर्षांत तिथल्या सरकारी नोंदींप्रमाणेच सुमारे 6 लाख 80 हजार माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. फेब्रुवारी 1956 मध्ये ख्रुश्चेव्हने बंद दाराआड पक्षाला सांगितले, की हा शब्द स्टालिनने रूढ केला आणि मग समोरच्याची चूक सिद्ध करण्याची गरजच राहिली नाही. (स्वतः ख्रुश्चेव्ह तेव्हा काय करत होता, हे मात्र त्याने सांगितले नाही.)

मला जास्त सलतो तो 'अदालत' शब्द. तो अद्लवरून, म्हणजे इन्साफवरून आला. उर्दूत अदालतीतल्या साक्षीला शहादत म्हणतात. शहीद त्याच धातूचा. माओवादी दरवर्षी 28 जुलैपासून शहीद सप्ताह पाळत आले. त्यांच्या जन अदालतीत मात्र खबऱ्या ठरलेल्याच्या बाजूने शहादत द्यायला कोण उभा राहणार? उभा राहील त्याच्यावरही तोच शिक्का.

ऑक्टोबर 2025 मध्ये भूपतीने सुमारे 60 साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. सरकारी भाषेत ते आत्मसमर्पण. जंगलात राहिलेल्यांच्या भाषेत गद्दारी. गद्दारही अरबीच. तो धातू मी अजून वर्गात घेतलेला नाही.