पहिली तबकडी आणि दोन वकील

जपानबद्दलचे आमचे ज्ञान बरीच वर्षे मनगटावरचे घड्याळ आणि टेबलावरचा कॅलक्युलेटर एवढ्यावरच भागत होते. त्यात मोलाची भर घातली ती आमच्या पुतणीने. हिकारू उतादा नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने मार्च १९९९ मध्ये ‘फर्स्ट लव्ह’ हा आपला पहिला जपानी अल्बम काढला आणि तो एकट्या जपानात ७० लाखांच्या वर खपला, ही बातमी तिने मला जेवताना दिली. मी कॉमर्स ग्रॅज्युएट. गाणे कसे आहे हे विचारायच्या आधी मी मनातल्या मनात ७० लाख नग गुणिले किंमत असा हिशेब मांडला आणि आमटी गार झाली.

“काका, आपल्या मराठीत असं कुणी आहे?” पुतणीने विचारले.

आहे की! फक्त ‘अल्बम’ या शब्दाला जरा बाजूला बसवावे लागेल. अल्बम म्हणजे मुळात वही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. विलायतेतल्या लांबलचक संगीताला अशा पाचसहा तबकड्या लागत. त्या फोटोंच्या वहीसारख्या खळग्यांत घालून विकत, म्हणून अल्बम. आपल्याकडे वहीची चैन नव्हती. एक तबकडी, दोन बाजू, खलास!

तर १९३२ साली अशीच एक तबकडी निघाली. गाणारे गृहस्थ होते जी. एन. जोशी, शिक्षणाने वकील. चाल त्यांचीच. आणि कविता होती ‘शीळ’, कवी ना. घ. देशपांडे, मुक्काम मेहकर, जिल्हा बुलढाणा. हे देशपांडेही पुढे वकिलीच करीत होते! दोन वकिलांनी एकत्र येऊन कुणावरही दावा न लावता काही चांगले केल्याचे उदाहरण विरळाच. मराठी भावगीताची पहिली ध्वनिमुद्रिका म्हणून जाणकार हिचे नाव घेतात. ती घरोघरी गेली, आणि ज्यांच्या घरी ग्रामोफोन नव्हता ते ज्याच्या घरी होता त्याच्या ओसरीवर गेले.

यात नवीन ते काय होते? त्याआधी मराठी माणसाचे गाणे म्हणजे मुख्यत्वे नाटकातले. थिएटरात शेवटच्या रांगेतल्या चार आणेवाल्यालाही ऐकू गेले पाहिजे, म्हणून आवाज खणखणीत हवा. एक ओळ गायक पंधरा पंधरा मिनिटे घोळवी, आणि वन्समोअर मिळाला की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या बँकेतल्या मीटिंगा याच पद्धतीने चालतात; फक्त तिथे वन्समोअर साहेब स्वतःच स्वतःला देतात. रेकॉर्डसाठीदेखील आधी कर्ण्यात तोंड घालून ओरडावे लागे. १९२५ च्या सुमारास विजेचे ध्वनिमुद्रण आले, मायक्रोफोन आला, आणि माणूस हळू आवाजात बोलल्यासारखे गाऊ लागला. इकडे पुण्यात १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातले कवी आपल्या कविता चालीवर म्हणून दाखवत, त्यामुळे कविता कानांनी ऐकायची सवय लोकांना लागली होती. म्हणजे कविता तयार, मायक्रोफोन तयार, तीन मिनिटांची मर्यादा तर सक्तीचीच. कमी होता तो गळा. तो जोशींनी पुरवला.

इथे मला आमच्या वस्तीवरचा एक पोरगा आठवतो. भजनी मंडळात काकड्याला असा गातो की इंद्रायणीच्या काठचे धुकेसुद्धा दोन मिनिटे थांबून ऐकत असेल. तो एकदा आमच्या काउंटरवर आला आणि म्हणाला, “साहेब, गाणी रेकॉर्ड करायचीत. कर्ज मिळेल का?” मी फॉर्म काढला. फॉर्मात म्हैस होती, ट्रॅक्टर होता, विहिरीची मोटर होती. गळ्याला रकाना नव्हता. आमचे साहेब म्हणाले, “तारण काय?” पोरगा म्हणाला, “आवाज.” साहेब म्हणाले, “सर्दी झाली तर?” प्रश्न बँकिंगच्या दृष्टीने बिनतोड होता. पोरगा नमस्कार करून निघून गेला. त्या दिवशी माझी कॅश पैशाला पैसा जुळली, पण जेवण गेले नाही.

जोशींचे पुढे काय झाले? त्यांनी वकिली सोडली आणि एच. एम. व्ही. कंपनीत नोकरी धरली. ध्वनिमुद्रण करून घेणारा अधिकारी! स्वतःची पहिली तबकडी गाजलेला माणूस काचेच्या अलीकडे बसला आणि पलीकडे दुसऱ्यांना गायला-वाजवायला बसवू लागला. १९६७ साली शिवकुमार शर्मा, ब्रिजभूषण काब्रा आणि हरिप्रसाद चौरसिया या तीन तरुणांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही जगभर वाजलेली लाँगप्ले निघाली, तिचे निर्माते हेच जोशी. ज्याला आपल्या पहिल्या रेकॉर्डची धाकधूक ठाऊक आहे, असा माणूस काचेमागे असला की समोरच्याला केवढा आधार वाटत असेल! बँकेच्या भाषेत सांगायचे तर नावे आपल्या खाती आणि जमा दुसऱ्याच्या. असा व्यवहार आमच्याकडे कुणी केला तर चौकशी लागते.

आणि कवी? ‘शीळ’ हा देशपांडे यांचा काव्यसंग्रह निघाला १९५४ साली, म्हणजे तबकडीनंतर बावीस वर्षांनी. तोवर गाणे गावोगाव फिरून आले होते आणि कवी मेहकरातच होते. साहित्य अकादमीचा पुरस्कार ‘खूणगाठी’ला मिळाला १९८६ साली. चोपन्न वर्षांनी! एवढ्या मुदतीच्या ठेवीवर व्याज किती होते ते मी काढून पाहिले. आकडा लिहिण्यासारखा नाही, कारण असले पैसे कवीला मिळत नसतात. गाणे सर्वांच्या तोंडी, आणि ते लिहिले कुणी म्हणाल तर दहांतले नऊ जण छताकडे बघतात.

पुतणीचे ७० लाख मला मान्य आहेत. पण खप मोजायचा की कान? एका ग्रामोफोनभोवती सगळी आळी बसत असे, आणि पावती मात्र एकच फाटे. शिवाय आमच्याकडे नियम आहे : खात्यावर दहा वर्षे काहीच व्यवहार झाला नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. १९३२ साली उघडलेले ‘शीळ’चे खाते मात्र अजून चालू आहे. कुठली तरी आजी भाजी निवडताना गुणगुणते आणि त्यात रुपया-दोन रुपये भरून जाते.