पावसाचा लोंढा ओढ्याच्या तळाचे काय करतो?

ओढ्यातल्या दगडावरून पाय घसरतो तो बुळबुळीत थरामुळे. शेवाळ, जिवाणू आणि बुरशी एकत्र चिकटून हा थर बनतो. त्याला बायोफिल्म म्हणतात. पाण्यातली सेंद्रिय घाण, नायट्रोजन आणि फॉस्फरस तो शोषतो. गोगलगायी आणि किड्यांच्या अळ्या तो खाऊन जगतात.

मोकळ्या माळावर पावसाचे बरेच पाणी मुरते. शहरात मात्र ते डांबर आणि काँक्रीटवरून गटारांतून थेट ओढ्यात येते आणि पातळी झपाट्याने चढते. वेगवान पाणी थर खरवडते, सोबतची वाळू पॉलिश पेपरसारखी घासते. दगड गडगडले तर खालची बाजूही साफ होते. भिंती बांधून पात्र अरुंद केले असेल, तर पाण्याला पसरायला जागा उरत नाही आणि सारा जोर तळावर आणि काठांवर येतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याच्या पुरात भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसे दगावली.

फटींत उरलेल्या पेशींपासून थर काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुन्हा वाढतो. पण शहरात साध्या सरीनेही लोंढा येतो, त्यामुळे त्याला उसंत मिळत नाही.

हे फक्त मोठ्या शहरांचे दुखणे नाही. सांगली जिल्ह्यातले जत पर्जन्यछायेत आहे. अशा भागात ओढे थोडेच दिवस वाहतात, आणि पाणी शुद्ध करण्याचे हे फुकटचे काम तेवढ्याच दिवसांत होते. म्हणून गाव वाढताना ओढ्याचा काठ मोकळा आणि माती उघडी ठेवणे महत्त्वाचे.